लिंपणच तर आहे

मोजपट्टी विसरले नसते तर ते मला दिसलंच नसतं. डिसेंबरातली दुपार, पावणेदोनची वेळ. सयाजीगंजात, नदीच्या अंगाला असलेल्या एका जुन्या घराचं गिलाव्याचं काम चालू होतं. जेवणं उरकली होती. दोघे बिगारी वाळूच्या ढिगाला टेकून पेंगत होते आणि कडिया कडुनिंबाखाली पालथा पडला होता. (गवंड्याला बडोद्यात आम्ही मराठी माणसंही कडियाच म्हणतो, 'गवंडी' म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो.) सकाळपासून त्याची पाठ धरली होती. साइटवर सगळीकडे सामसूम, आणि आतल्या खोलीतून मात्र ओल्या मालावर रंधा फिरल्याचा खर्र खर्र आवाज येत होता. मी दारातून डोकावले. कडियाची बायको परांचीवर उभी राहून खिडकीच्या कोपऱ्याची धार काढत होती. डाव्या हातात पट्टी घट्ट दाबून धरलेली, उजव्या हातात नवऱ्याची थापी. वर खिळ्याला ओळंबा टांगलेला होता आणि तो डोलत होता. तिने दोन बोटांनी त्याचं डोलणं थांबवलं, एक डोळा मिटला, दोरी आणि धार यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत बघितली आणि मधे कुठेतरी थापीच्या टोकाने कणभर माल काढून घेतला. कणभर म्हणजे अक्षरशः नखावर मावेल एवढा.

मग तिला मी दिसले. ती खाली उतरली, थापी बादलीत बुडवून स्वच्छ धुतली, नवऱ्याच्या पिशवीत ठेवली, पदर सारखा केला आणि घमेलं उचलून बाहेर गेली. मी तिला काही विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. मोजपट्टी घेऊन मी दुसऱ्या साइटवर गेले. संध्याकाळी रोजच्यासारखं मस्टर भरलं : कडिया 1, बिगारी 2, बाई 1. खाली सही केली.

त्या सहीने पुढचे कित्येक दिवस मला स्वस्थ बसू दिलं नाही.

ते काम आलं होतं पुरामुळे. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली, ते दिवस बडोद्यातलं कोणीच विसरलेलं नाही. पाणी ओसरतं, चिखल निघतो, फर्निचर उन्हात पडतं. भिंतींचं दुखणं मात्र नंतर वर येतं. पाणी गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते, बोट लावलं की पीठ होऊन गळते. हा लोणा. गुजरातीतही तो लूणोच, जसा ओळंबा तिथेही ओळंबो. हत्यारांच्या आणि आजारांच्या नावांत या दोन भाषांची भिंत एकच आहे. हे घर जुनं, दीड फुटी विटांच्या भिंती, सगळी जोडणी चुन्यातली. 2019 च्या जुलैत शहर बुडालं होतं, त्यानंतर कुणीतरी त्याला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवून दिला होता. तिथेच घात झाला होता. चुन्यातली भिंत पाणी पिते आणि हळूहळू हवेला देऊन टाकते. तिच्यावर सिमेंटचं कवच चढवलं की ओल आत कोंडते, वाट शोधत वर चढते, आणि क्षार गिलाव्यामागे साठून त्याला ढकलून देतात. मी गेले तेव्हा कमरेएवढ्या उंचीपर्यंत कुठेही थापीचा दांडा आपटला तरी बद्द आवाज यायचा. 'बोदुं वागे छे, बेन,' कडिया म्हणाला. सगळं सिमेंट खरवडून काढायचं, भिंतीला सुकू द्यायचं आणि चुन्यातच गिलावा करायचा, असं ठरलं.

चुन्याचं काम आता फार थोड्यांना येतं. या कडियालाही सिमेंटचाच सराव होता. सिमेंट घाई करायला लावतं. माल लावा, पट्टी ओढा, रंधा मारा, तासा-दोन तासांत विषय संपला, मग आठवडाभर फक्त पाणी मारा. चुन्याचं तसं नाही. तो हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, आणि त्याला वेळ लागतो. पहिले काही दिवस तो सुकताना आकसतो, त्याला केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरा दिसल्या की पुन्हा जायचं, पाणी शिंपडायचं आणि दाबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. लेकराला थोपटावं तसं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, एका जुन्या कारागिराकडून ऐकलं होतं, आणि या कडियालाही सांगितलं होतं. तो 'हो हो' म्हणाला होता.

तीन आठवड्यांनी मी भिंती वाजवून बघत फिरले. एका खोलीत चिराच चिरा. शेजारच्या खोलीत, त्या खिडकीच्या बाजूला, एकही नाही. तळहात फिरवला तर भिंत गार आणि एकसंध, दांडा आपटला तर खणखणीत. तेव्हा लक्षात आलं की संध्याकाळी सगळे हातपाय धूत असताना ती डबडं घेऊन आत जायची, ते नुसतं पाणी मारायला नव्हे. मी मस्टरमध्ये लिहीत होते, 'बाई – पाणी मारणे, माल वाहणे.' आणि ती रोज तासभर भिंत दाबत होती. कुणी सांगितलं नव्हतं. तिला विचारलं, चुन्याचं काम कुठे शिकलीस? तिला प्रश्नच नीट कळला नाही. मग म्हणाली, 'आ तो लिंपण ज छे ने, बेन.' लिंपणच तर आहे.

माझी आजी दांडिया बाजारच्या वाड्यात मागचं अंगण सारवायची. वाड्याची पुढची बाजू कधीच फरशीची झाली होती, पण मागे चुलीच्या खोलीसमोरचा तुकडा तिने शेवटपर्यंत मातीचा ठेवला. पाडव्याच्या आधी त्याचं मोठं काम निघायचं. पांढरी माती वेगळी भिजवलेली, शेण वेगळं, कोंडा किती घालायचा ते हाताच्या अंदाजाने. ती गोळा मुठीत दाबायची आणि उघडून बघायची. बोटांचे ठसे तसेच राहिले तर माल जमला, चिरा पडल्या तर जमला नाही. उकिडवं बसून ती मागे मागे सरकत यायची आणि तिच्या पुढे तळहाताच्या अर्धगोल लाटा एकीत एक अडकत जायच्या. पाणी कुठल्या बाजूला वाहून जायला हवं हे तिला माहीत होतं. इतका हलका उतार, की डोळ्यांना दिसायचा नाही, पण पावसाचा थेंब तिथे थांबायचा नाही. दुपारी ऊन चढलं की ती परत येऊन बघायची, आणि चीर दिसली की ओल्या बोटाने मिटवायची. तोच हात, तीच दुसरी फेरी. मी डिप्लोमाला असताना फ्लोअरिंगचा उतार दर मीटरला किती हे पाठ करत होते तेव्हा आजी जिवंत होती. तिला विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही, याचं आज फार वाईट वाटतं.

आमच्या घरात बांधकामाचा धंदा बाबांचा. बाबा ज्या कलाभवनाबद्दल अभिमानाने बोलायचे ते 1890 मध्ये सयाजीरावांनी सुरू केलं, आणि त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. गज्जर हे आडनावच सुतारांचं. हाताच्या विद्येला शाळा मिळावी, तीही आपल्या भाषेत, असा त्यांचा आग्रह. बाबा हे सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, 'बघ, या गावात हातांना मान होता.' मी पॉलिटेक्निकला सिव्हिल घेतलं ते या वाक्यामुळे. वर्गात आम्ही तिघी मुली होतो. पहिल्यांदा साइटवर परांची चढायला निघाले तेव्हा मुकादमाने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. 'शेठ, बेनला खाली राहू दे.' बाबांनी मान हलवली नाही, हूं की चूं केलं नाही, फक्त वर बघत राहिले, आणि मी चढले. बांबू पायाखाली लवतात, सुतळीच्या गाठी कुरकुरतात. वर पोचल्यावर बघितलं तर तिथे माझ्या आधी एक बाई उभी होती. डोक्यावर पंधरा-वीस किलोचं घमेलं घेऊन ती माझ्या आधी त्याच बांबूंवरून आली होती, आणि तिला खाली राहू दे असं कोणी म्हणालं नव्हतं.

ती गोष्ट मी तीस वर्षं माझ्या धिटाईची म्हणून सांगत आले. त्यातली ती बाई मी सांगताना गाळत होते. मला वर जायची परवानगी मिळाली ती हातात कागद होता म्हणून, तिला मिळाली डोक्यावर ओझं होतं म्हणून. हातात थापी घेऊन वर गेलेली बाई मी बडोद्यात एवढ्या वर्षांत बघितली नव्हती. बघितली असेन, तरी दुपारच्या पावणेदोनला बघितली नव्हती.

हे जोडपं छोटाउदेपूरकडचं, राठवा आदिवासी. दिवाळीनंतर येतात, होळीला जातात, पुन्हा येतात आणि पहिला पाऊस पडला की मक्याच्या पेरणीला निघून जातात. शहरातल्या कडियानाक्यावर सकाळी उभे राहतात आणि बहुतेक वेळा 'जोडी' म्हणूनच उचलले जातात. जोडी म्हणजे एक कारागीर, एक त्याची बाई. त्या भागात मी एकदा पिठोरा बघायला गेले होते. नवस फेडायला घरातल्या भिंतीवर घोडे काढतात, रात्रभर गाणं-बजावणं चालतं. चित्रं काढायची पुरुषांनी, त्या लिखाऱ्यांना मान आहे आणि तो योग्यच आहे. 2023 मध्ये परेश राठवांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडेही आनंद झाला होता. पण घोडे उमटण्याआधी ती भिंत तयार करावी लागते. शेणमातीने लिंपून, वर पांढऱ्या मातीचे हात देऊन. ते काम घरातल्या कुमारिका करतात. त्या दिवशी मी घोडेच बघत बसले होते. भिंत बघितलीच नाही.

म्हणजे गावात भिंतीचं लिंपण बाईचं. तीच बाई एसटीत बसून शंभर किलोमीटर इकडे आली की तेच काम पुरुषाचं होतं, त्याला गिलावा हे नाव मिळतं आणि त्याचा रोज तिच्या दुप्पट होतो. मधे बदलतं काय? माती जाऊन चुना येतो. तळहात जाऊन थापी येते. आणि पैसे येतात. मला वाटतं खरी गोष्ट ही शेवटचीच आहे. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते बाईच्या हातात जन्मापासून असतं. पैसे मिळू लागले की ते शिकण्याचं, अवघड, अंगमेहनतीचं, पुरुषाच्या जातीचं काम होतं. आणि अंगमेहनतीचं म्हणावं तर साइटवर सगळ्यात जास्त वजन तीच उचलते.

माझे दर असे होते : कडियाला 900, बिगाऱ्याला 550, बाईला 450. मी ते ठरवले नव्हते, बाजारात होते तसे घेतले होते. समान कामाला समान वेतन हा कायदा तेव्हा 1976 चा होता. मी तो मोडत नव्हते, असं मला वाटायचं, कारण काम समान नाही. तो भिंत करतो, ती माल वाहते. पण काम कोणाचं काय आहे हे लिहिणारा हात माझा होता. तिने थापी धरली तरी माझ्या वहीत ती माल वाहतच राहिली. बिगाऱ्यात आणि बाईत जे शंभर रुपयांचं अंतर होतं त्याचं तर काहीच उत्तर माझ्याकडे नाही. दोघंही तेच घमेलं उचलत होते. मी बाई असून हे आकडे वर्षानुवर्षं माझ्या अक्षरात लिहिले.

कुणी म्हणेल, नवरा झोपला होता तरी त्याची हजेरी भरली, 900 त्याच घरात गेले, मग नुकसान कुणाचं झालं? हा हिशेब मीच स्वतःला बरेच दिवस सांगत होते. पण तो सांगताना तिची ती हालचाल डोळ्यांपुढून जात नव्हती. थापी धुऊन त्याच्या पिशवीत ठेवण्याची. चोरीची वस्तू जागेवर ठेवावी तशी.

जानेवारीपासून मी एक बदल केला. चिरा पडलेली खोली पुन्हा करायची होती, ती तिला दिली. उघडपणे, सगळ्यांसमोर. पहिल्या दिवशी एक बिगारी तिला माल द्यायला तयार होईना. बाईला माल द्यायचा म्हणजे काय. मी तिथेच खुर्ची टाकून बसले. तो दिवस वाईट गेला. ती अवघडली, हात आखडला, धार दोनदा मोडली, आणि मला वाटलं मी तिच्यावर भलतंच ओझं टाकलं. तिसऱ्या दिवशी मी बसणं बंद केलं. त्यानंतर काम सुरू झालं. नवऱ्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी विचारलं तर साधेपणाने म्हणाला, 'एनो हाथ माराथी सारो छे.' तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे त्याला किती वर्षांपासून माहीत होतं कोण जाणे.

होळीच्या आठवड्यात ते निघायचे होते. कवांटचा गेरचा मेळा, त्यांच्याकडची होळीनंतरची जत्रा, चुकवून चालत नाही. जाण्याआधी त्यांना दोघांच्या नावाने दाखला हवा होता. तेव्हाच्या 1996 च्या कायद्याप्रमाणे बांधकाम कामगार म्हणून नोंद करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा पुरावा लागायचा. प्रत्येक मोठ्या बांधकामावर जो एक टक्का सेस आपण भरतो तो या नोंद झालेल्यांसाठीच असतो, आणि 90 दिवस वेगवेगळ्या दहा जणांकडे भरलेल्या माणसाला ते कागद गोळा करता करता वर्ष निघून जातं. मी आनंदाने लिहायला बसले. त्याच्या फॉर्मवर कामाचा प्रकार : कडियाकाम. तिच्या फॉर्मवरही मी तेच लिहिलं, मोठ्या अक्षरात. मनात फार बरं वाटत होतं. तिने विचारलं काय लिहिलं, मी वाचून दाखवलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

'मजूर ज लखो, बेन.'

मी का विचारलं. तिने समजावून सांगितलं, मला कमी कळतं अशा सबुरीने. नाक्यावर लोक जोडी मागतात. कडिया आणि मजूर. दोघंही कडिया म्हटलं तर माल कोण वाहणार? ते म्हणतील एकच चला. मग हा एका टेम्पोत आणि मी दुसऱ्या, अनोळखी माणसांबरोबर. आणि एकट्या बाईला कडिया म्हणून नेणार कोण? आज तुम्ही आहात, पुढच्या वर्षी दुसरा शेठ असेल. मी कडियाकाम खोडलं, वर मजूर लिहिलं, खाडाखोड दिसते म्हणून शेजारी पुन्हा सही केली. माझ्या अक्षरात पुन्हा एकदा तेच लिहिलं, आणि या वेळी तिच्या सांगण्यावरून. हे बरोबर झालं की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

डिसेंबरात तिने किती दिवस हात दिला होता ते विचारलं. तिने बोटांची पेरं मोजली. अकरा. 900 आणि 450 मधला फरक, अकरा दिवसांचा, 4950 होत होते. मी पाच हजार पुढे केले. नवरा म्हणाला, हजेरी तर भरली गेली आहे. तिने त्याच्याकडे न बघता हात पुढे केला, नोटा दोनदा मोजल्या, पन्नास परत दिले आणि बाकीचे पदराच्या गाठीत बांधले.

मग निघता निघता ती सामानाच्या खोलीत गेली आणि कोपऱ्यातली एक जुनी थापी घेऊन आली. बाबांच्या वेळची असावी. पातं झिजून एका बाजूला कलतं झालेलं. कोणाची आहे, तिने विचारलं. कोणाची नाही, म्हटलं, ने. तिने मुठीत धरून बघितली, दोनदा मनगट फिरवलं. दांडा जाड होता, तिची बोटं पुरी वळत नव्हती. 'थोडो छोली नाखीश,' ती म्हणाली. थोडा तासून घेईन. आणि तिने ती थापी स्वतःच्या गाठोड्यात, वरच हाताला लागेल अशी खोचली.